सात नंबरची बाटली

प्रिय ताई,

तुझ्यासमोर आले की जीभ टाळूला चिकटते, म्हणून लिहितेय. तीन कागद फाडले. नखं तर कधीच संपली.

तू आठवडाभर धड जेवत नाहीस. आई म्हणते, "एवढी शिकली आणि चिमूटभर पावडरीसाठी तोंड पाडून बसलीय." मला माहितीय ना कसली पावडर ती. हायड्रोजनवर वीज बनवणाऱ्या सेलमधलं प्लॅटिनम. तूच सांगितलंस, त्याच्यावर पाणी चढून बसलं की ते आळशी होतं. म्हणून त्याला तुझं ते पातळ मीठ लावायचं, न तापवताही तेलासारखं राहणारं. पाण्याला ते लांब ठेवतं, ऑक्सिजनला आत सोडतं. शाळेत मला असं कुणी समजावलंच नव्हतं गं.

आणि सोमवारी तुझ्या आलेखावर साध्या प्लॅटिनमची रेघ अन् मीठ लावलेल्याची रेघ एकावर एक आली, म्हणजे मिठानं काही फरकच पडला नाही. "दोन वर्षं पाण्यात गेली," एवढंच बोललीस.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या मी धुते. आधी तीनदा अल्कोहोल, मग पाणी, हे तूच भिंतीवर लिहिलंयस. त्या दिवशी अल्कोहोल संपलं. मागायला गेलं की स्टोअरवाले काका सगळ्यांसमोर ओरडतात, "काय गं मुके, पितेस की काय?" सगळे हसतात. मी गेलेच नाही. सात नंबरची बाटली, आधी मीठ ठेवलेली, नुसत्या पाण्यानं धुतली. वाटलं, उरलंसुरलं उडून जाईल. तिच्यातच तू साधी पावडर अल्कोहोलमध्ये कालवलीस.

ते उडत नाही, ताई. परवा काचेवर एक थेंब अल्कोहोलचा ठेवला, एक मिठाचा. अल्कोहोल बघता बघता गेलं. मीठ आजही तस्संच आहे, वर पाणी ओतलं तरी वेगळं बसतं. म्हणजे तुझी साधी पावडर साधी नव्हतीच. तिलाही मीठ लागलेलं, म्हणून दोन्ही रेघा सारख्या आल्या.

उद्या तू मोठ्या सरांना लिहून देणार आहेस, मीठ कुचकामी, काम बंद करा म्हणून. देऊ नकोस. कोरी बाटली घे, साधी पावडर परत तपास. तुझ्या शब्दावर मिळालेली नोकरी गेली तर जाऊ दे. मी खाली जिन्यात बसलेय. ओरडायला ये, पण आधी सरांना फोन कर.

तुझीच,
धाकटी