दर्शनी भिंतीचा निळा

२ जानेवारी, सकाळी ७.१०
घराला बाहेरून रंग द्यायचा ठरला. निळा द्यायचा, हेही ठरलं. कुठला निळा, हे ठरवण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. म्हणजे मी घेतली. खाली आम्ही दोघं, वर वहिनी. दादा गेल्यापासून घरातले मोठे निर्णय मीच घेतो. वहिनींचं एवढंच म्हणणं, की भावोजी, फिकट बघा, गार वाटेल असा. शब्द दिला.
गिरणीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं काढली आहेत. हजेरी विभागात होतो हे खरं, पण काचेच्या पलीकडेच रंगाच्या टाक्या होत्या. नजर तयार होते ती अशीच.
संकल्प: आठ दिवसांत शेड फायनल.

५ जानेवारी
शेड कार्ड आणलं. सत्तेचाळीस निळे! निम्मे सरळ सरळ राखाडी आहेत, उरलेले एकमेकांचे जुळे भाऊ. एकच रंग वेगवेगळ्या नावांनी विकायचा धंदा. दुकानदाराला चांगलं सुनावलं. त्याने कार्ड उजेडात धरून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

९ जानेवारी
ही म्हणते, डोळे दाखवा. मी म्हणे पेपर नाकाला लावून वाचतो. हल्ली शाईच पातळ वापरतात, त्याला मी काय करणार? बल्बचा उजेडही पूर्वीसारखा पडत नाही. एकूणच माल हलका झालाय. तसं हिला सांगितलं. तिच्या मते माल नाही, मोतीबिंदू.
सबंध घराचा रंग ज्या नजरेवर अवलंबून आहे, तिला ऐन कामात कोणी हात लावू नये. काम झाल्यावर बघू.

१४ जानेवारी
आठ दिवस संपले असं ही म्हणते. संकल्पात सुट्ट्या धरल्या नव्हत्या.
रंगारी आला. शांत माणूस. त्याला रंगसंगतीवर थोडक्यात माहिती दिली. माझं बोलणं संपेपर्यंत त्याची चारही भिंतींची मापं घेऊन झाली होती. दर्शनी भिंतीवर त्याने नमुन्याचे सहा पट्टे मारले.

१५ जानेवारी, दुपारी
पट्टे वाळले. सहाही पांढरे. रंग घालायला विसरलात का, असं रंगाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, सहा वेगळे निळे आहेत. हिनेही त्याचीच री ओढली. वहिनींना दुसरा पट्टा आवडला. पहाटे उजाडताना आभाळ असतं तसा आहे म्हणाल्या. त्याला निळा नाही, चुना म्हणतात, हे मी त्यांना शक्य तेवढ्या सौम्यपणे समजावलं.
बायकांना रंगातलं कळतं हा एक गैरसमज आहे.

२३ जानेवारी
सापडला! कार्डाच्या शेवटच्या रांगेतला शेवटचा. फिकट, संयमी, गार. वहिनींना दिलेला शब्द तंतोतंत पाळला. नाव मात्र ‘मिडनाइट थंडर’. नावं ठेवणारी माणसं रंग बघत नसावीत.
दुकानदाराने दोनदा विचारलं की नक्की घरालाच ना? लोक म्हणे हा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला नेतात. लोकांकडे दृष्टी नाही, हे मी कधीपासून म्हणतोय.

३० जानेवारी
परांची बांधली. दर्शनी भिंतीपासून सुरुवात. मी समोर खुर्ची टाकून बसलो, म्हणून काम नीट झालं. समोरचे मास्तर फाटकापर्यंत आले, भिंतीकडे बघत उभे राहिले आणि तसेच परत गेले. माणूस भारावतो तेव्हा असंच होतं.

३ फेब्रुवारी
परसात ही, वहिनी आणि रंगारी हलक्या आवाजात बोलत होते. मी गेल्यावर तिघंही गप्प. माझा एवढा धाक आहे हे माहीत नव्हतं. थोडं बरं वाटलं.
आता बाजूच्या आणि मागच्या भिंती. तिकडे खुर्चीला जागा नाही, म्हणून दिवसातून दोन फेऱ्या मारतो.

८ फेब्रुवारी
बाजूच्या भिंती पांढुरक्या वाटतात, असं रंगाऱ्याला म्हटलं. त्याने मान खाली घालून सांगितलं, की साहेब, तिकडे ऊन वेगळं पडतं. बरोबर आहे. मीही तेच म्हणणार होतो. त्याला शाबासकी दिली, की चारही बाजूंना हात एकसारखा फिरलाय.

१२ फेब्रुवारी
काम पूर्ण. परिणाम जबरदस्त. कुरियरवाला आता पत्ता विचारायला फोन करत नाही. रस्त्याने जाणारे थांबतात. एका बाईने आपल्या लहान मुलीला घर दाखवलं. मास्तरांनी त्यांच्या पुढच्या खिडक्यांना जाड पडदे लावले. मत्सर, दुसरं काय.
वहिनींना विचारलं, आवडलं ना? त्या म्हणाल्या, घर लांबून ओळखू येतं. मोजकं बोलतात, पण नेमकं.
हिने डॉक्टरांची वेळ घेतली होती. खोकला झाल्यामुळे जाता आलं नाही.

२ मार्च, सकाळी
मागच्या भिंतीवर, वरच्या गॅलरीच्या खाली, भलामोठा पांढराफटक तुकडा रंगवायचाच राहिलेला दिसला. रंगाऱ्याचा हलगर्जीपणा. उरलेल्या डब्यातला रंग काढला, ब्रश घेतला, स्टुलावर चढलो. भिंत जरा हलल्यासारखी वाटली. या वयात उंचीवर असं होतं.

२ मार्च, दुपारी
ती भिंत नव्हती. वहिनींनी गॅलरीच्या कठड्यावरून वाळत सोडलेली पांढरी चादर होती. दादांनी आणलेली.
वहिनींनी चादर दोन्ही हातांनी उचलली, रंग अंगाला लागणार नाही अशी लांब धरली आणि वर गेल्या. ओरडल्या असत्या तर मला खुलासा करता आला असता. खुलासा तयार होता.
हिने डॉक्टरांना फोन लावला. या वेळी मला खोकला आला नाही.

११ मार्च
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. पंधरा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. हिने माझ्याकडे पाहिलं असावं. पट्टी होती, म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

१२ मार्च
पट्टी काढली. परिचारिकेची टोपी इतकी पांढरी, की डोळे दिपले. येताना रस्ताभर पाट्या वाचत आलो. ही कंटाळली.
आमच्या गल्लीत वळलो. टोकाला एक घर. निळं म्हणावं, तर या रंगाला तो शब्द पुरत नव्हता. अंगावर धावून येणारा, बाकीची सगळी गल्ली पुसून टाकणारा. कुठल्या गाढवाचं घर आहे, असं मी विचारलं. रिक्षा त्याच घरापुढे थांबली.
फाटकात उभा राहिलो.
“चला आत,” ही म्हणाली. “रंगच आहे, चावत नाही.”
मी आत न जाता बाजूने निघालो. म्हटलं, सगळाच पराक्रम बघून घ्यावा. बाजूची भिंत हलकी, धुतल्यासारखी. मागची तशीच. पलीकडचीही. पहाटे उजाडताना आभाळ असतं, तशी. रंगवायचा राहिलेला तुकडा कुठेच नव्हता.
वहिनी परसात होत्या.
“भावोजी, तीन भिंती आम्ही तुम्हाला न विचारता केल्या,” त्या म्हणाल्या. “सांगणार होतो. पण तुम्ही रोज दोनदा बघून शाबासकी देत होतात.”

१३ मार्च
काल काही लिहायचं राहिलं असेल तर ते राहू दे.
पुढच्या भिंतीसाठी रंगारी सोमवारी येणार. शेड मला कोणी विचारली नाही. विचारली असती, तर मीही दुसरा पट्टाच सांगितला असता. म्हणजे तसा निर्णय माझाच.

१६ मार्च, दुपारी ४
वहिनींची रीतसर माफी मागायची ठरवलं. तीन मुद्दे काढले: एक, चादर. दोन, चुना हा शब्द. तीन, एकंदरीत. पाठ करून वर गेलो.
वहिनी उशीचा अभ्रा शिवत बसल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. पहिला मुद्दा आठवत होता, पण त्याची सुरुवात आठवेना. शेवटी त्यांनीच सुई-दोरा पुढे केला. भावोजी, तुमचा डोळा आता नवा आहे, एवढी ओवून द्या.
घेतली. लांबचं लख्ख दिसतं. जवळचं मात्र चष्मा मिळाल्यावर दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. ते सांगायची ही वेळ नव्हती. पाच-सहा वेळा प्रयत्न केला. दोरा फार जाड आहे, असं म्हणालो.
वहिनींनी सुई परत घेतली आणि पहिल्याच खेपेला ओवली. मग बसा म्हणाल्या.
बसलो.
स्वतःला ओवता येत होती, तर मला का सांगितलं, ते कळलं नाही.