मधल्या चोराच्या कडेवर

१४ एप्रिल

चि. बंडूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे शिवणकाम गळ्यापर्यंत आलंय आणि तुझी लेक भिंगरी माझं डोकं खातेय. जहाज कुठल्या बंदरात आहे कोण जाणे, पण पत्र मिळेल तिथे आधी बसून घे.

दर पत्रात तू तिला विचारतोस, आकाशात म्हातारीची बाज दिसते का. ती लिहिते, दिसते. बंडू, तिला ती कधी दिसलीच नव्हती. चार ताऱ्यांची बाज, मागचे तीन ती पळवणारे चोर, एवढी गोष्ट तोंडपाठ होती. फेब्रुवारीत दोरा ओवताना तिने सुई पार नाकाशी नेली, तशी मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एवढ्याशा पोरीला!

खोटं का लिहिलंस, विचारलं. म्हणाली, "हो म्हटलं की बाबा मोठं पत्र लिहितो."

तिची आई दवाखान्यातून परत आली नाही, तेव्हापासून तू घराकडे पाठ फिरवलीस. दवाखान्याचं नाव काढलं असतं तर आणखी लांब गेला असतास. म्हणून ऑपरेशन, सगळं उरकून लिहितेय. उजवा डोळा छान आहे. डाव्याचं नंतर सांगेन म्हणत होते, पण नको, सांगतेच. तिथे उशीर झाला होता. उजेड कळतो, बाकी काही नाही.

काल अंधार पडल्यावर तिला गच्चीवर नेलं. वाटलं, बडबडेल. पण तिने माझा हात घट्ट धरला आणि मान मागे टाकून वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, हे सगळं रोज असतं?"

आपण मान खाली घालून किती वर्षं काढली.

बाज तिनेच शोधली. आणि म्हणाली, मधल्या चोराच्या कडेवर पोर आहे, बाबाने हे सांगितलंच नाही. मी चष्मा पुसून पुसून पाहिलं. खरंच, मोठ्या ताऱ्याला बिलगून एक बारीक तारा! जन्मभर ती बाज बघितली, पण तुला-मला तो कधी दिसला नाही. शेजारचे मास्तर म्हणाले, चोर कसले, सप्तर्षी ते. मधला वसिष्ठ आणि जवळ अरुंधती. भिंगरीला ते मुळीच पटलं नाही. वर बघतच म्हणाली,

"चोरसुद्धा पोराला सोडून जात नाही, आत्या."

तक्रार नव्हती, नुसतं कौतुक होतं. म्हणून तर मला खाली जाऊन रडावं लागलं.

आता दिसते का म्हणून विचारू नकोस. ये, आणि तिच्याशेजारी उभा राहून बघ.

तुला कडेवर घेऊन वाढवलेली,
ताई