पाचवी पुरी

आई, तुझ्याशी भांडायचं आहे. तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुझी आठवण काढून रडले, तुझ्यासारखी आमटी होत नाही म्हणून हळहळले, तुझ्या तिथीला पान वाढून कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभी राहिले. भांडले मात्र कधीच नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आपल्याकडे मानतात. पण तू होतीस तेव्हा तरी कुठे भांडू दिलंस? मी तोंड उघडलं की तू स्टोव्हला पंप मारायला घ्यायचीस आणि त्या आवाजात माझं निम्मं बोलणं बुडून जायचं. आता इथे स्टोव्ह नाही, तूही नाहीस. तेव्हा ऐक.

सुरुवात माझ्या नातीपासून करते. तू तिला पाहिलं नाहीस. माझ्या मुलीची मुलगी, तीन वर्षांची. आईबाप कामावर गेले की ती दुपारी माझ्याकडे परळला असते. तिच्या वाढदिवसाला मुलीनं भातुकलीचा मोठा खोका मागवला. उघडून बघते तर काय, प्लास्टिकचा पिझ्झा, प्लास्टिकचा डोनट आणि मधोमध चिकटपट्टीनं जोडलेली ब्रोकोली, लाकडी सुरीनं कापायची. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अगं, आपल्या घरात ब्रोकोली खाल्ली कोणी?" मुलगी म्हणाली, "आई, चिल कर ना. खेळणं आहे ते." खेळणं आहे म्हणूनच तर राग आला. पोर घरी भात-आमटी, घावन, तळलेला बांगडा खाते आणि खेळताना मात्र डोनट वाढते? मी त्याच दिवशी लालबागला जाऊन लोकर आणली, क्रोशाची सुई शोधली आणि बसले. आधी घावन विणलं. मग सोललं की तीन दाणे बाहेर येतील अशी मटाराची शेंग. मग वडापाव, आणि पावातून ओढून काढता येईल अशी हिरवी मिरची. मग बांगडा, पाठीवर निळ्या रेघांचा. नातीनं बांगडा हातात घेतला, काटा काढल्यासारखं केलं आणि मला भरवला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. प्रेमानं आलं असेलही, पण त्याहून जास्त रागानं आलं. कारण मला पहिला बांगडा आठवला.

तुला आठवतो का? मी तेरा वर्षांची, ताईचं लग्न पंधरा दिवसांवर, आणि धाकटीला कावीळ. चार वर्षांचं पोर. डोळे हळदीसारखे पिवळे. तेल बंद, तूप बंद, दिवसभर पेज आणि उसाचा रस. आणि आपल्या त्या एका खोलीत, चिंचपोकळीच्या चाळीत, तुझा घाणा अखंड चालू. करंज्या तळतेस, चकल्या तळतेस, खानावळीची माणसं जेवायला येतात त्यांच्यासाठी पुऱ्या तळतेस. खाटेवर पडलेली धाकटी भिंतीकडे तोंड करून म्हणते, "एकच पुरी दे गो. फक्त हातात धरतंय." तू पाठ फिरवतेस. मला ते बघवेना. तू शेजारणींच्या बाळंतविड्यासाठी टोपडी-मोजे विणायचीस, त्यातली उरलेली लोकर डब्यात असायची. ती घेऊन मी जिन्याच्या वळणावर जाऊन बसले. दोन गोल चकत्या विणायच्या, कडेनं जोडायच्या, आत जुन्या उशीतला कापूस भरायचा, की झाली पुरी. अशा पाच केल्या. दोन करंज्या केल्या आणि एक बांगडा. पितळेच्या छोट्या ताटलीत मांडून धाकटीसमोर ठेवलं. ती उठून बसली. आठ दिवसांत पहिल्यांदा उठून बसली, आई. एकेक पुरी हातात धरून दाताशी नेऊन "कुरुम" असा आवाज करायची.

तू काय म्हणालीस? आधी म्हणालीस, "जेवणाचो खेळ करतंस?" मग एक पुरी उचलून उजेडात धरलीस आणि म्हणालीस, "मधी भोक ठेवलंस. कापूस दिसता. उसव ती." मी चार साखळ्यांची कडी करून विणायला सुरुवात करायची, त्यामुळे मधे बारीक भोक राहायचं. तू बोटाला धाग्याचं वेटोळं घालून सुरू करायचीस आणि शेवटी ते ओढून गच्च बंद करायचीस. तुझ्या विणीत मधे कधी भोक नसायचं. शंभरदा दाखवलं असशील. मला ते जमलं नाही. पण त्या दिवशी मी उसवलं नाही. धाकटीनं ताटली छातीशी धरली होती, ती बघून तू परत घाण्याकडे वळलीस.

पण तुझ्या मनात साखरपुड्यातली गोष्ट होती. ताईच्या सासूबाई वरळीहून आल्या तेव्हा तुझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "पोरगी पॅकिंगच्या कामाला जाते म्हणता, मग हाताचं काय येतं तिला? रुखवतात दिसेलच म्हणा." हे तुला लागलं होतं, मला माहीत आहे. रुखवतात नवरीनं आपल्या हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या आणि ताईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. लग्नाच्या चार दिवस आधी मी शाळेतून आले तर धाकटी हमसून हमसून रडत होती आणि ताटली मोरीच्या कठड्यावर होती. तू साखरेच्या पाण्यात पुऱ्या बुडवत होतीस. साखरेनं त्या कडक होतात, तळल्यासारख्या चकाकतात, मांडून ठेवल्या तर दबत नाहीत. मी विचारलं, "बांगडा कुठाय?" तू म्हणालीस, "रुखवतात मासळी मांडतत काय?" तू बांगडा उसवला होतास, आई. त्याच्या निळ्या लोकरीनं ताटाखालच्या रुमालाला कड विणायला घेतली होतीस. मी ओरडले तर म्हणालीस, "चार दिसांत इसरतला ता. बारक्या पोरांका काय आठवता?"

आणि धाकटी खरंच विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं रडणं बंद. मी शाळेतून आले तर शांत पडलेली, हात उशीखाली. मला तिचाही राग आला. मी तिच्यासाठी जिन्यात बसून बोटं दुखवून घेतली आणि ही एका रात्रीत विसरली. कितीतरी वर्षं तिच्याशी बोलताना माझ्या मनात ते असायचंच.

गिरगावातला तो हॉल मला आजही दिसतो. लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, रव्याच्या लाडवांचा मनोरा, मण्यांचा गणपती, आणि मधोमध माझं ताट. त्याला टेकवून ठेवलेला पुठ्ठा, ताईच्या मैत्रिणीच्या सुवाच्य अक्षरात: चि. सौ. कां., मग ताईचं नाव, हिने स्वहस्ते विणलेले पक्वान्नांचे ताट. स्वहस्ते! मी सरबताचे ग्लास घेऊन उभी होते आणि तो एकच शब्द परत परत वाचत होते. बायका येत होत्या, वाकून बघत होत्या, "अगबाई, खरीच वाटतेय" म्हणत होत्या. ताईच्या सासूबाईंनी ताईलाच विचारलं, "पुरी फुगवलीस कशी गं?" ताईनं तुझ्याकडे बघितलं. तू हसून म्हणालीस, "हाताक गुण आसा तिच्या." तेवढ्यात धाकटी बायकांच्या पायांतून पुढे आली. तिनं ताट बघितलं आणि ओरडली, "माझ्या पुऱ्या!" एक उचलून सरळ तोंडात घातली. सगळ्या हसल्या. तू तिच्या हातावर फटका मारलास, पुरी पदराला पुसलीस आणि जागेवर ठेवलीस. कावीळ नुकती उतरलेल्या पोराच्या हातावर. मी ग्लासांचं तबक तिथंच टेबलावर आपटून निघून गेले. रात्री घरी तू मला एवढंच म्हणालीस, "नाव तुझा कशाक घालू? लगीन तुझा होता काय?"

याचं उत्तर आता देते. लग्न माझं नव्हतं, ताट माझं होतं. आणि माझंही नव्हतं खरं तर, धाकटीचं होतं. एका आजारी पोरीच्या हातातलं खेळणं काढून तू ते चारचौघींना बघायला मांडलंस, खोटं नाव लावून. आणि ज्यांच्यासाठी मांडलंस त्या ताईच्या सासूबाईंच्या घरी ते ताट चव्वेचाळीस वर्षं काचेच्या कपाटात होतं, मुंग्या लागू नयेत म्हणून भोवती डांबराच्या गोळ्या टाकून. कोणी त्याला हात लावला नाही. माझ्या लग्नाआधी मी नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायचे, तिथे तू पिशवीभर लोकर घेऊन आलीस आणि दारातच म्हणालीस, "एक तरी ताट मांडुया गो. तुझा नाव घालूया." मी म्हणाले, रुखवत नाही, हॉल नाही, सही करून मोकळी होणार आहे. तू पिशवी तशीच उचलून घेऊन गेलीस. जिना उतरताना दोनदा थांबलीस. मी वरून बघत होते, हाक मारली नाही. मला वाटलं, फिट्टंफाट झाली.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. ताईची चाळ पाडणार, तिला नव्या इमारतीत घर मिळालं, म्हणून आवराआवर चालली होती. ताईनं ते ताट वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुझं आहे ते. मला तेव्हाच सांगायचं होतं गं. सासूबाई असेपर्यंत कसं सांगणार?" घरी आणून पुऱ्या कोमट पाण्यात टाकल्या. साखर विरघळायला लागली, पाणी पिवळं झालं, आणि दगडासारख्या पुऱ्या हातात मऊ होत गेल्या. चार पाण्यांतून काढल्या, दोन दिवस खिडकीत उन्हात वाळवल्या, डांबराचा वास गेला. कुजका कापूस काढून नवा भरायचा म्हणून एकेकीची कड उसवली. पहिली पुरी, मधे भोक. दुसरी, मधे भोक. तिसरी, चौथी तशाच. पाचवीला भोक नव्हतं.

मी चष्मा पुसला. खिडकीशी नेऊन बघितली. मधला टाका गच्च बंद, वीण घट्ट, एकसारखी. आई, ती पुरी माझी नाही. तेराव्या वर्षी मला तसं येत नव्हतं आणि आजही येत नाही. आपल्या घरात तसं विणणारी एकच बाई होती.

मी धाकटीला फोन लावला. ती डोंबिवलीला असते, संध्याकाळी सहाच्या पुढे फोन उचलते. म्हटलं, "काविळीत मी तुला पुऱ्या करून दिल्या होत्या, आठवतं?" ती म्हणाली, "आठवतं म्हणजे? एक होती ना माझ्याकडे, किती वर्षं. उशीच्या अभ्र्यात ठेवायचे. आईनं दिलेली परत. पुऱ्या साखरेत बुडवायच्या आधीच काढून ठेवली होती तिनं. म्हणाली, ही तुझी, पण कोणाक दाखवू नको." मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती हसायला लागली. "तुलाच तर सांगायचं नव्हतं! आई म्हणाली, तेका सांगू नको, हॉलात बोंब मारीत."

म्हणजे तुला कळत होतं. पोरीचं काय हिरावून घेतलं हे तुला पक्कं ठाऊक होतं. चाळीस माणसांच्या लग्नाच्या धबडग्यात, डब्यातली तीच लोकर शोधून, तू धाकटीला दिलेल्या पुरीच्या जागी पाचवी पुरी विणलीस, कुणाला पत्ता लागू न देता. वाईट वाटलं होतं तर ते मला का नाही दाखवलंस? धाकटीला पुरी दिलीस, ताईला नाव दिलंस, आणि मला काय, तर चव्वेचाळीस वर्षांचा राग! एक शब्द बोलली असतीस, जिन्यात उभी राहून, लोकरीची पिशवी हातात घेऊन, तर मी हाक मारली असती. मी बोंब मारीन म्हणे. मारली असती! पण मग गप्पही बसले असते. तू मला तेवढंही ओळखलं नाहीस याचा मला खरा राग आहे, आणि तो ती पुरी बघून कमी झाला नाही, वाढलाच आहे.

हे पत्र लोकरीच्या डब्यात तळाशी ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे टाकू? तिथे तुझी सुई पण आहे. तीन दिवस त्या सुईनं बोटावर वेटोळं घालून सुरू करून बघतेय. ओढलं की सगळं निसटतं. काल चौथ्यांदा उसवलं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. काल दुपारी नात पाचही पुऱ्या ओळीनं मांडून बसली होती. प्रत्येकीच्या मधल्या भोकात बोट घालून बघत होती. शेवटची उचलली, उलटसुलट केली, भोक सापडेना. मला दाखवत म्हणाली, "आजी, ही सगळ्यात छान आहे. ही कोणी बनवली?"

मी म्हणाले, "मी."