मंजुरीसाठी थांबलेली ओळ

प्रिय बाबा,

प्रभूमध्ये सलाम. माझा ताप उतरला, पण मला ताप आला होता हे आईला सांगू नका. तिचा गुडघा कसा आहे?

आपल्या चर्चच्या मंडळीच्या ब्लॉगवर जाहिरातींनी उच्छाद मांडला होता. म्हणून मी मंजूर केल्याशिवाय कुणाचा अभिप्राय दिसू नये, अशी हुशारी केली. तापात चार दिवस कॉम्प्युटर उघडलाच नाही.

उघडला तर तीन दिवसांपूर्वीची एक ओळ मंजुरीसाठी थांबलेली. "पाळकसाहेब, आज कुणीतरी माझ्याशी बोला. उद्या उपयोग नाही." नाव नाही, नंबर नाही. खाली उत्तर लिहिलं, पण पुढे काहीच नाही.

तुम्ही पाळकघराच्या दाराला कधी कडी लावली नाहीत. मीही ती मंजुरीची अट काढून टाकली. आता दिवसभर जाहिरातीच येतात, आणि बाबा, मी प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत वाचतो.

प्रार्थनेत त्या माणसालाही घ्या.

तुमचा,
धाकटा