डाव्या खांद्याची बंदूक

ख्राइस्टचर्च
रविवार, १७ मे

वसू,

तीन वेळा! त्या लायसनवाल्या बाईने तुला तीन वेळा फोन केला आणि तू एकदाही उचलला नाहीस. अनोळखी नंबर उचलायचा नाही, फसवणारे असतात, ते मलाही ठाऊक आहे. पण निरोप तर ऐकायचा ना गं? वेलिंग्टनात सरकारी ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतेस आणि स्वतःच्या फोनातला निरोप ऐकता येत नाही? ती बाई मला विचारते, तुम्हाला बहीण खरंच आहे ना? काय सांगू तिला?

असो. आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी सुरू झाली. यशोधनरावांना आणि वल्लरीला विचारलंय म्हणून सांग. अक्षत आता पूल बांधणाऱ्या कंपनीत लागला, माझ्याजवळच राहतो. माझं तेच, म्हाताऱ्यांच्या होममधली लाँड्री. दिवसाला शंभर चादरी.

आणि मी बंदूक घेतेय.

घाबरू नकोस. कुणाला मारायला नाही, कागदाला मारायला. शेजारी नोलीन म्हणून राहते, चौऱ्याहत्तरची, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत. दर मंगळवारी संध्याकाळी ती नेमबाजीच्या क्लबात जाते. तिची गाडी बंद पडली म्हणून मी सोडायला गेले. बाहेर गाडीत बसून राहिले तर म्हणाली, "कॅनचॅन, गारठून मरशील, आत ये." तीस वर्षं शेजारी राहिली तरी तिला कांचन म्हणता येणार नाही. आत गेले ती गेलेच.

पहिले दोन महिने एक गोळी धड लागली नाही. क्लबाची रायफल, शेजारी शिकवणारा बसलेला, मी पालथी पडून उजव्या खांद्याला दस्ता लावतेय आणि गोळी जातेय शेजारच्या माणसाच्या कागदावर. तो बिचारा म्हणायचा, थँक्यू, माझे मार्क वाढले. मी चिडायचे. माझं चिडणं तुला नवीन नाही.

मग नोलीनने एक दिवस मला उभं केलं. दोन्ही हात पुढे करायला लावले, तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवायला सांगितलं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ म्हणाली. आता एक डोळा मीट. आता दुसरा. डावा मिटला की घड्याळ गायब. "अगं बाई, तू डाव्या डोळ्याची आहेस! हात कुठला तुझा?" मी म्हटलं, उजवा. ती म्हणाली, "खरा कुठला?"

वसू, पन्नास वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आई पदराने हात बांधायची. शाळेत मास्तर पट्टी मारायचे, म्हणून चौथीत शाळाच सोडली. आणि इथे एक गोरी म्हातारी विचारते, खरा कुठला. मी डावा वर केला. ती म्हणाली, मग त्याच खांद्याला लाव.

दहा गोळ्या लिंबाएवढ्या जागेत! मी उठून नाचले. तिथे नाचू देत नाहीत, आधी बंदूक उघडून बाजूला ठेवावी लागते. ती ठेवली आणि मग नाचले. कागद फ्रिजवर लावलाय, बंदूक हाताळायच्या सात नियमांच्या शेजारी. ते नियम अक्षतने इंग्रजीतून वाचून दाखवले, मी पाठ केले, परीक्षा पास झाले. मी! परीक्षा!

मग आम्ही तिघं बंदुकीच्या दुकानात गेलो. अक्षतला दुर्बीणवाली काळी मोठी हवी, "मम, ही हेवी आहे, स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास. विकणारा हरणं मारायच्या दाखवायला लागला. मी म्हटलं, मला हरीण नको, कागद हवाय. नोलीनने दोघांना गप्प केलं. पहिली बंदूक लहान गोळीची, एका वेळी एकच भरायची, धक्का न देणारी. आणि आधी अंगाला बसते का ते बघायचं, दिसते कशी ते नंतर. माझी उंची पाच फूट. आठ लावून बघितल्या, सगळ्यांचे दस्ते लांब, मान बगळ्यासारखी ताणावी लागायची. नववी जुनी होती, कुणा बाईने विकायला ठेवलेली. दस्ता आखूड. आणि गोळी भरायचा खटका डावीकडे! डाव्या हाताच्या लोकांसाठी कारखान्यातच बनवतात म्हणे. गालाला लावली आणि वाटलं, ही मला ओळखते. दुकानदाराने माझ्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलीय. लायसन आलं की माझी.

लायसनला घरच्या एका माणसाने आणि बाहेरच्या एकाने सांगावं लागतं, की ही बाई भरवशाची आहे. बाहेरची नोलीन. घरचं म्हणून तुझं नाव दिलंय. न विचारता दिलं. विचारणार कशी?

ती विचारेल, हिला राग येतो का? येतो म्हण. कधी काही फेकून मारलं का? हो म्हण. तुझ्या वास्तुशांतीला मी डाव्या हाताने वाढत होते, तू पाहुण्यांसमोर म्हणालीस, "ताई, उजवा!" आणि लोक हसले. मी पळी फेकली. कुणाला लागली नाही, नव्या भिंतीला आमटी लागली, हे सगळं सांग. लपवू नकोस. त्यानंतर दारात मी जे बोलले, तू शिकलीस ती माझ्या जिवावर, मला बहीण नाही, तेही सांग. ते खोटं होतं. तू तुझ्या डोक्यावर शिकलीस. तू मला कधी कमी लेखलं नाहीस, मीच मला लेखत होते. आता राग येतो तेव्हा श्वास अर्धा सोडून थांबते, क्लबात शिकवतात तसं. दर वेळी जमत नाही. हेही सांग.

अक्षतचं नाव देता आलं असतं. फॉर्म त्यानेच भरला. नोलीनही म्हणाली, मुलगा घरात असताना समुद्रापलीकडची बहीण कशाला? मी म्हटलं, तीच पाहिजे.

ती बाई गुरुवारी, २८ तारखेला सकाळी दहाला तुला परत फोन करणार आहे. उचल. तिचा एक प्रश्न मला माहीत आहे, नोलीनला विचारला होता: तुम्ही दोघी शेवटच्या कधी बोललात? तीन वर्षांपूर्वी, असं तुला सांगावं लागू नये. म्हणून आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत मला फोन कर. शिव्या द्यायच्या असल्या तर दे, पण बुधवारीच दे.

वाट बघतेय,
तुझी बहीण
कांचन