शाकाहारी प्रार्थनाकीटक

१२ सप्टेंबर १९९९, रविवार
सकाळी स्कूटरवरून मसाई पठार. गवतात नाकतोडे भरपूर. प्रार्थनाकीटक एकच, पण मोठा. वेगवेगळ्या बरण्यांत घालून घरी आणले. एम.फिल.चा विषय पक्का: माळावरच्या दोन कीटकांची तुलना. एम.फिल. झालं की कॉलेजात कायम. माझे गाईड पंचाक्षरी सर म्हणाले, वर्ष लागेल. मला महिना पुरेल.

१३ सप्टेंबर
घरात विरोध. नाकतोडा गवत खातो आणि प्रार्थनाकीटक दुसरे किडे, हे जेवताना सांगायला नको होतं. आई, म्हणजे आमची आक्का, म्हणाली, "दशलक्षण पर्व तोंडावर आलंय. जैनाच्या घरात हिंसा चालायची न्हाय. त्याला काकडी घाल की." हसलो. मग वाटलं, आजवर कुणी घालून तरी बघितली आहे का?

१५ सप्टेंबर
काकडी घातली. खाल्ली नाही. नवीन जागा, संकोच असावा. हात जोडून बसलाय. मुळात सात्त्विकच. आक्काला तो एकटा पडल्यासारखा वाटतो, म्हणून सगळ्यांना एकाच बरणीत ठेवलं. तुलनेलाही सोयीचं.

१८ सप्टेंबर
काकडी कमी झाली! त्याचं पोटही भरलेलं दिसतं. नाकतोडे मात्र विरळ वाटतात. झाकण सैल असणार. बायको चंदना म्हणाली, "अहो, ते झाकण मला दोन्ही हातांनी उघडत न्हाय." तिचा विषय कॉमर्स.

२१ सप्टेंबर
निष्कर्ष: काकडीवर नाकतोडा टिकत नाही, प्रार्थनाकीटक बाळसं धरतो. शनिवारी गारगोटीच्या सेमिनारमध्ये प्रात्यक्षिकच दाखवणार. सर म्हणाले, जरा थांबूया का? मोठी माणसं नव्या गोष्टीला घाबरतात.

२५ सप्टेंबर, संध्याकाळ
गारगोटीहून परत. बरणी टेबलावर मागे ठेवून शाकाहारावर बोललो. हॉल एकदम शांत झाला. वाटलं, पकड घेतली. तेवढ्यात पहिल्या बाकावरचे एक मास्तर उठून म्हणाले, "पावणं, मागं बघा. तुमचं जेवाय बसलंय." वळलो. शेवटच्या नाकतोड्याचा एक पाय तेवढा बाहेर होता.
सरांनी चहा पाजला. म्हणाले, विषय बदलू.

२६ सप्टेंबर
प्रार्थनाकीटक सकाळी माळावर सोडला. आक्काला सगळं सांगितलं. माझ्यामुळे जीव गेले म्हणून आज मला उपवास, नुसत्या पाण्यावर. तीही करतेय. म्हणाली, तुला एकट्याला जमायचं न्हाय. मी म्हणालो, एक दिवस म्हणजे काहीच नाही.
दुपारी ती जरा पडली. स्वयंपाकघरात सहज गेलो. चिरमुऱ्यांची मूठ तोंडात कोंबून वळलो तर आक्का दारात. रागावली नाही.
म्हणाली, "खाली बस. हुबं राहून खाऊ न्हाय."
बसलो.