सही झालेल्या कागदावर

बडेबाबू, आज नव्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "इंग्रजी कुठे शिकलात?" मी म्हणालो, "स्वतःच." मान ताठ करूनच म्हणालो. तेव्हापासून तुम्ही समोर बसल्यासारखे वाटताय, चष्मा कपाळावर, सुपारी गालात.

तसं ते खोटंही नाही. इथल्याच लालबागेत, कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात जुनी इंग्रजी पत्रं पुन्हा पुन्हा टाइप करून मी शिकलो. मग या सरकारी कचेरीत तुमच्या हाताखाली आलो तेव्हा नवं राज्य जुळत होतं, नागपूरच्या फायली भोपाळला चालल्या होत्या, आणि आम्हा टेम्पररी लोकांत कायम कुणाला करायचं त्याची यादी जायची होती. यादीत माझं नाव होतं. सोबतचं पत्र मीच टाइप केलं. साहेबांची सही झाली आणि मग मला दिसलं, 'फुल टाइम टायपिस्ट' यात हायफन राहिलाय. राहवेना. कागद पुन्हा मशीनवर चढवला आणि ती आडवी रेघ ठोकली.

तुमची रीत अशी, की डाकेत टाकण्याआधी एकाने मूळ पत्र मोठ्याने वाचायचं, कॉमासकट, आणि दुसऱ्याने कार्बनच्या नकलेवर बोट फिरवायचं. मी वाचतोय, चांगला ऐटीत, "फुल हायफन टाइम..." तुमचं बोट थांबतं.

"इथं कुठाय रे?"

"मागून घातला, बडेबाबू. राहिला होता."

"सहीनंतर?" तुम्ही चष्मा खाली घेतला. "हायफन बरोबर आहे तुझा. बैलजोडी गाडीपुढे असली तर जू पाहिजेच, गोठ्यात बांधल्यावर जू कशाला? तसंच, नामाच्या आधी दोन शब्द मिळून एक काम करतात तर जोडायचे, मागे आले तर मोकळे सोडायचे. पण साहेबांनी सही केली ती बिनजुवाच्या कागदावर. उद्या कुणी त्या यादीत नाव घुसवलं, तर कोणत्या तोंडाने अडवशील? चल साहेबांकडे."

"माझं नाव कटेल."

"कटलं तर कटलं. मी येतो ना संग."

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. त्यांनी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "साब, इसने खुद बताया है." मी कुठे सांगितलं होतं? तुमच्या बोटाने पकडलं होतं. कॉमाही इकडचा तिकडे न होऊ देणारे तुम्ही, माझ्यासाठी एवढं बोललात. पत्र नव्याने टाइप झालं, नव्याने सही झाली, माझं नाव राहिलं. बाहेर येताच तुम्ही म्हणालात, "आता मशीन पूस. रिबनची शाई सगळीकडे लावून ठेवलीस."

आज मी तुमच्याच हेडक्लार्कच्या खुर्चीत आहे. नव्या टायपिस्टांना हायफन शिकवतो तेव्हा ती बैलजोडी सांगतो, आणि आजवर माझीच म्हणून सांगत आलो. वास्तविक बैल मी इथे नदीवर, राजघाटावर धुताना पाहिलेत, तेवढेच.

हे पत्र कुठे जाणार नाही. तरी खाली सही केलेली नाही. सहीनंतर काही घालता येत नाही, आणि आज नव्या साहेबांना तुमच्याबद्दल जे सांगायला हवं होतं ते एक वाक्य अजून माझ्या हातून लिहून होत नाहीये.